एरिसचा झेंडा तलावात

सहाशे ऐंशी मीटरवर, मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीवर आम्ही शेवटचा झेंडा रोवला. तेवढ्यात नववीतली सरिता म्हणाली, “मॅडम, एरिस इथी नाई.”

मुलांनो, तेव्हा मी सिंदेवाहीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. दोन दिवसांनी तपासणीला साहेब यायचे होते. आम्ही सूर्यमालेचं स्केल मॉडेल केलं होतं, म्हणजे सगळी अंतरं एकाच मापानं लहान केलेली. शाळेच्या फाटकाशी सूर्य म्हणून मोठं संत्रं. दहा मीटरवर पृथ्वी, राजगिऱ्याचा एक दाणा. तीनशे मीटरवर नेपच्यून. त्याच्याही पलीकडे एरिस हा बर्फाळ बटुग्रह, पिठाच्या कणाएवढा.

सरिता वर्गात कधी बोलत नसे. आज गप्प केलं तर ही पुन्हा तोंड उघडणार नाही, हे मला कळत होतं.

“मग कुठे?”

तिने पाण्याकडे बोट दाखवलं. “तुम्ही सरासरी अंतर घेतलं. त्याची वाट लांबुळकी आहे. सध्या तो दूरच्या टोकाकडं आहे. नऊशे साठ मीटर येते.”

मी कॉम्प्युटर रूममध्ये जाऊन पाहिलं. तिचं बरोबर होतं.

हेडमास्तर वैतागले. “बाई, बोर्ड छापून झाले. आता तलावात ग्रह लावता काय? कोण मोजते?”

“सरितानं मोजलं, सर.”

“मंग साहेबाले पोहता येते का, तेवढं विचारून घ्या.”

सरिताचे वडील सोमाभाऊ त्याच तलावात मासे धरत. मी बांबू गाडायला सुचवलं. ते हसले. “नाई बाई, जाळं अडकते. डोंग्यावर झेंडा लावतो, दोन्हीकडून दोरीनं दगड सोडतो. मंग हालत नाई.” सरिता फोनवर अंतर बघत होती, ते वल्हवत होते. डोंगा जागेवर आला.

तपासणीच्या दिवशी साहेब नेपच्यूनपाशीच घामाघूम झाले. “पुढचं इथूनच सांगा.”

“इथून दिसत नाई सर. चला ना,” सरिता म्हणाली.

ते चालले. पाळीवर पोचल्यावर दूर पाण्यातला झेंडा पाहून त्यांनी विचारलं, “बोर्डावर तर सहाशे ऐंशी आहे?”

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

“चूक माझी, दुरुस्ती हिची,” मी म्हटलं. “तीच सांगेल.”

सरिता पंधरा मिनिटं बोलली. हेडमास्तरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडलं.

बोर्ड पुन्हा छापला. सरिता यंदा नागपूरला फिजिक्स घेऊन बीएस्सी करते आहे. मी मात्र आता आकाशातलं कुठलंही अंतर लिहिलं की शेजारी साल लिहिते.