रांगोळीवरचे पंजे

नेपरव्हिलची माझी शेवटची पोस्टिंग मुलीने काढली. मी इन्फंट्रीतला निवृत्त हवालदार. मुलगी आणि जावई सकाळच्या ट्रेनने शिकागोला जातात. मागे घरात मी, माझी बायको सुमन आणि परसात तिच्या पाच कोंबड्या. सुमनला इंग्रजी येत नाही, गाडीही येत नाही. ती दिवसभर कोंबड्यांशी बोलते. त्या आल्यापासून तिने ‘परत जाऊ या’ म्हणणं सोडलं आहे.

संध्याकाळी आम्ही कोंबड्यांची गिनती घेतो. सुमन नाव पुकारते, मी त्या कोंबडीला बघून “हाजिर” म्हणतो. जावई हसतो. हसू दे.

ऑक्टोबरात एका सकाळी तुरेवाली मेलेली सापडली. धड खुराड्यात, मुंडकं गायब. शत्रू आत कुठून घुसला, एवढंच मी शोधलं. दाराखाली फट होती, ती विटांनी बुजवली. त्याच आठवड्यात लंगडी गेली, अगदी तशीच. विटा जागच्या हलल्या नव्हत्या.

जावई म्हणाला, “बाबा, अजून एक गेली तर बाकीच्या फार्मवर देऊन टाकू. आईंना किती त्रास होतोय.”

सुमनचा चहा तसाच निवला. मला भीती वाटली, सरळ सांगतो. आता ती पुन्हा ‘परत जाऊ या’ म्हणायला लागणार होती.

सीमेवरच्या पोस्टवर आम्ही कुंपणालगतची माती रोज झाडून सपाट करायचो. रात्री कोणी आलं तर सकाळी ठसा दिसायचा. ठसे वाचायला मला नाईक शिंदेने शिकवलं. “पाऊल कुठे नाही, तेही बघ,” तो म्हणायचा.

इथे सगळं गवत. मी रांगोळीचं पाकीट फोडलं.

“अहो, ती दिवाळीची आहे.”

“कोंबड्या राहिल्या तर दिवाळी.”

दुसरं पाकीट तिनेच फोडलं. खुराड्याच्या आत-बाहेर रांगोळी पसरली. कोंबड्या त्या रात्री गॅरेजमध्ये हलवल्या. मला झोप लागली नाही. सुमनही जागीच होती.

सकाळी जाळीलगत ठसे होते. पाच लांब बोटं, तान्ह्या पोराच्या हातासारखी. आत एकही नाही. म्हणजे आत कोणी घुसलंच नव्हतं. जाळीच्या भोकातून हात घालून कडेला झोपलेल्या कोंबडीची मान ओढली होती. असे हात मी आमच्या कचऱ्याच्या डब्यावर पाहिले होते. रकून, रात्री कचरा उपसणारा इथला मांजराहून मोठा प्राणी.

त्याच दिवशी बोटही जाणार नाही अशी बारीक जाळी ठोकली. बसायची दांडी मधोमध घेतली. कडीला जास्तीचा हूक लावला, कारण रकून कडी उघडतो. पुढचे कित्येक दिवस सकाळी दार उघडलं की मी आधी डोकी मोजायचो. तिघी जिवंत होत्या. शेवटी जावई म्हणाला, “ओके बाबा, राहू देत.”

शिंदे त्याच पोस्टवर मॉर्टरच्या माऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी गिनतीला सेक्शन कमांडरने सवयीने त्याचं नाव पुकारलं. अख्ख्या सेक्शनने ‘हाजिर’ म्हणून उत्तर दिलं. सुमनला मी हे कधी सांगितलेलं नाही.

जावई ‘राहू देत’ म्हणाला त्या संध्याकाळी तिने तिघींची नावं घेतली आणि थांबली. मग हळूच म्हणाली, “तुरेवाली.”

“हाजिर.”

“लंगडी.”

“हाजिर,” मी म्हणालो आणि कडी लावली.