पावती फाडली की जागा तिची

घाईमावशीला हे नाव कुणी ठेवलं ते बाजारात कुणाला आठवत नाही, पण का ठेवलं हे शेंबडं पोरही सांगेल. "लिंबं कशी दि..." एवढं गिऱ्हाइकाच्या तोंडून निघेपर्यंत चार लिंबं पिशवीत पडलेली असत, वर दोन मिरच्या आणि आल्याचा तुकडा. घरी नवऱ्याशी भांडताना त्याची उत्तरंही तीच देऊन टाकायची. भांडण संपलं की तो बिचारा विचारायचा, "मी जिंकलो की हरलो?"

अशी ही बाई एकाच बाबतीत थांबायची, आणि तेही कसं, तर पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत. बाजारात बायकांसाठी संडास होता. नव्हता असं कोण म्हणेल? चार वर्षांपूर्वी बांधलेला, आत पांढऱ्या फरश्या, दारावर बाईचं चित्र, आणि कडीला मुठीएवढं कुलूप. किल्ली बाजार समितीच्या अध्यक्षांच्या खिशात. झाडायला माणूस नाही म्हणून बंद, असं ते सांगत. आत समितीच्या मोडक्या खुर्च्या आराम करत होत्या. बाजारातल्या बायका मग पाणीच पीत नसत. तहान लागली तर ओठ ओले करायचे आणि भाव ओरडायचा.

अकरा वर्षं हे निभलं. मग एक दिवस घाईमावशी कंबर धरून डॉक्टरीणबाईंसमोर बसली. बाईंनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मूत्रपिंडाला सूज आहे. रोज दहा ग्लास पाणी प्यायचं. जमत नसेल तर बाजार सोडायचा. आणखी एक वर्ष असं काढलंत तर मी काही करू शकणार नाही."

"पाणी पिईन हो मी दहा काय, वीस ग्लास," मावशी म्हणाली. "पण पुढे काय करू ते पण लिहून द्या ना."

त्या दिवशी ती घाबरली. खरोखर घाबरली. बाजार सोडून घरी बसायचं म्हणजे काय हे तिला समजेना. पायात चपला घालायच्या आधी तिची जीभ भाव म्हणायला लागायची. घरात कुणाला म्हणायचे भाव, नवऱ्याला?

गंमत म्हणजे ती स्वतः समितीची सभासद होती. महिला प्रतिनिधी! तीन वर्षांपूर्वी चिठ्ठीत नाव निघालं होतं. पण सभा भरायची महिन्यातून एकदा, सकाळी नऊला. बाकीचे सहा सभासद घाऊक व्यापारी, त्यांचा माल पहाटेच विकून मोकळा. घाईमावशीच्या टोपलीवर मात्र नऊलाच झुंबड. ती उठली की दिवस बुडालाच. त्यामुळे समितीच्या वहीत तिच्या नावापुढे तीन वर्षं एकच शब्द होता, गैरहजर. आणि बायकांचा प्रश्न महिला प्रतिनिधीनेच मांडायचा असा नियम, म्हणून संडासाचा विषय कधी निघालाच नाही.

"मी जाणार सभेला," तिने धाकट्या जावेला सांगितलं. जाऊ शेजारीच अंडी विकायला बसायची.

"आणि लिंबं कोण विकणार, जाऊबाई?"

"मीच. टोपली घेऊन जाते. सभेत काय, कान लागतात. हात मोकळेच असतात की."

जावेने क्षणभर विचार केला, मग अंड्यांचे ट्रे उचलले. "मग मी इथे एकटी बसून काय करू?"

हे बटाटेवालीने ऐकलं. तिने फुलवालीला सांगितलं. पुढचं सांगायला नको. सभेच्या दिवशी साडेआठला समितीच्या खोलीत बारा टोपल्या होत्या. भोपळे टेबलावर, पालेभाजी खिडकीत, बटाटे दारात. अंड्यांना मऊ जागा हवी म्हणून जावेने ट्रे अध्यक्षांच्या गादीच्या खुर्चीवर ठेवले. अध्यक्ष आल्यावर काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळेच सगळ्यांना नुसतं हसू फुटत होतं.

इतक्यात पावतीवाले काका आले. वीस वर्षं काका एकच काम करत होते: टोपली दिसली की जागेची पावती फाडायची. वर ते कधी बघत नसत. बाया ओळखायच्या त्या पायांवरून. समितीच्या खोलीत ते खरं तर वही ठेवायला आले होते. पण समोर टोपली दिसली आणि हात चालला. चर्र, चर्र, चर्र. बारा पावत्या फाडून झाल्या, मग मान वर करून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, अध्यक्षांचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "अरे देवा, मी आहे कुठे?"

"सभेत आहात, काका. बसा," मावशी म्हणाली. पण तिचे डोळे पावतीच्या मागच्या बाजूवर खिळले होते. तिथे बारीक अक्षरात बाजाराचा नियम छापलेला असतो: पावती फाडलेल्या जागेवरून विक्रेत्याची टोपली बाजार सुटेपर्यंत कुणीही हलवू नये. जागेवरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणून हा नियम अध्यक्षांनी स्वतः लिहिला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

नऊच्या ठोक्याला अध्यक्ष आले, मागे पाच सभासद. बटाट्यांच्या कडेने पोट आत घेऊन एकेक जण आत शिरला. त्यांच्या मागून बटाटेवालीने दारातली उरलेली फटही दुसऱ्या टोपलीने भरून टाकली.

"हा काय तमाशा? उचला!" अध्यक्ष ओरडले.

मावशीने पावती पुढे केली. "तुमचाच नियम आहे, साहेब. वाचा ना मोठ्याने, सुंदर लिहिलाय."

अध्यक्षांनी वाचलं. काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहू लागले. स्वतःच लिहिलेला नियम मोडायचा कसा? अध्यक्ष उभ्याउभ्याच म्हणाले, "ठीक आहे. सभा सुरू."

अशी सभा त्या बाजाराने पाहिली नव्हती. हजेरीत घाईमावशीचं नाव आलं आणि बारा बाया एकदम ओरडल्या, "हजर!" खिडकीबाहेर गिऱ्हाइकं जमली. कुणी पालेभाजी मागतंय, कुणी थेट अध्यक्षांनाच विचारतंय, "साहेब, अंडी डझनाला कशी?" मावशी एका दमात दोन्ही बोलत होती. "माझा पहिला विषय, संडासाचं कुलूप, आलं ताजं आहे ताई, चार वर्षं बंद आहे, अर्धा किलो देऊ? दुसरा विषय, सभा दुपारी तीनला घ्या."

"पुढच्या सभेत बघू," अध्यक्ष म्हणाले.

"पुढच्या सभेत म्हणजे कधीच नाही!"

वाद तासभर चालला. अध्यक्ष ऐकेनात. पण दहाच्या सुमाराला त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर दिला. मग परत पहिल्यावर. त्यांना साखरेचा आजार होता, आणि सकाळी दोन कप चहा झाला होता. शेवटी ते दाराकडे निघाले. समोर बटाटे.

"बाजूला घ्या. मला जरा जायचंय."

"कुठे, साहेब?" जावेने भोळेपणाने विचारलं.

खोलीत असा हशा उसळला की खिडकीतला पाला हलला. सभासदांपैकी मिरचीचा व्यापारी तर डोळे पुसत खाली बसला. पण मावशी हसली नाही. ती उठली आणि हळू बोलली, आयुष्यात पहिल्यांदा हळू.

"साहेब, तुम्हाला दहा मिनिटं जड गेली. आम्ही रोज नऊ तास थांबतो. माझं मूत्रपिंड सुजलंय. डॉक्टरीण म्हणते पाणी पी, नाहीतर बाजार सोड. मला बाजार सोडायचा नाही."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बहुधा तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"ज्याचं जळतं त्याला कळतं," काका हळूच पुटपुटले.

"टोपली दुसऱ्या कुणी हलवायची नाही, हा नियम," मावशी म्हणाली. "पण ज्याची टोपली त्याने हलवावी की. दोन्ही विषयांच्या ठरावावर सही करा, बटाटेवाली लगेच हलवते."

अडला हरी, दुसरं काय! "हात वर करा, हात वर करा, लवकर!" अध्यक्ष नाचत म्हणाले. सहाचे सहा हात वर गेले, मावशीचा सातवा. सही वाकडी आली, पण आली. किल्ली त्यांनी खिशातून काढून मावशीच्या लिंबांवर टाकली आणि टोपली पुरती हलायच्या आतच तिच्यावरून उडी मारून गेले. साठीतला माणूस, पण काय उडी!

दुपारी बायकांनी मोडक्या खुर्च्या बाहेर ओढल्या आणि फरश्या घासल्या. काकांनी नळ जोडून दिला. झाडायला एक बाई समितीने दुसऱ्याच दिवसापासून ठेवली. अध्यक्षांच्या बायकोने म्हणे घरी त्यांना दोन दिवस चहाच दिला नाही, पण ते ऐकीव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला घाईमावशीच्या टोपलीपुढे नेहमीची झुंबड होती. तिने बाटली उघडली आणि सगळ्यांदेखत गटागटा पाणी प्यायली. एक ग्लास. दुसरा. तिसरा. पाणी हनुवटीवरून ओघळलं, तिने पुसलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने एका गिऱ्हाइकाने विचारलं, "लिंबं कशी दि..."

"थांबा हो," घाईमावशी म्हणाली आणि गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून उठली. "मी येते जाऊन."