मुनीमाचं अंथरूण

आत्याला ओल्या कपड्याचा राग होता. माणसांवरचा तिचा राग यायचा तसा जायचाही, पण दमट कपडा घडी करून ठेवलेला दिसला की तिचं डोकंच फिरायचं. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत तिची सगळी नोकरी झाली. शेवटच्या पाण्यात सुगंधी कंडिशनर घालायचा आणि कपडा हाताला लोण्यासारखा लागेपर्यंत सोडायचा नाही, ही तिथली शिस्त तिच्या अंगात मुरली होती. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने नोकरी सोडली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. गुडघ्यांना मलम, खांद्यावर एक विटकी तपकिरी शाल आणि तोंडाचा पट्टा चालू. शेजारणी कपड्यावरचा डाग घेऊन यायच्या, तो निघायचा, आणि वर चार शब्द ऐकून जायच्या.

अशा बाईच्या घरी ऐन थंडीत, बाहेर अवकाळी पावसाची संततधार लागलेली असताना, भाची राहायला आली. बरोबर दोन गिनीपिग.

भाऊ जहाजावर नोकरीला. पोरीची आई गेली तेव्हापासून पोर आजोळी होती, पण आता आजीलाच कोणीतरी बघावं अशी वेळ आली. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मी येईपर्यंत तुझ्याकडे राहू दे. रमली तर तिथेच राहील. नाहीतर वसतिगृहात घालतो."

"रमेल की. न रमायला काय झालं?" आत्या म्हणाली. म्हणाली खरी, पण पोरं कशी रमवतात हे तिला कुठं ठाऊक होतं? पोर मात्र तिला हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

पोर अबोल. जे काय बोलायची ते पिंजऱ्याशी. लठ्ठ, तांबूस, सदा चरत बसलेला तो शेठ. काळापांढरा, किडकिडीत, दार वाजलं तरी दचकणारा तो मुनीम. पिंजऱ्यात त्यांचं अंथरूण होतं, खाली पाणी शोषणारं जाड कापड आणि वर फ्लीस, म्हणजे ओल खाली उतरू देणारं मऊ, लोकरीसारखं कापड. घाण झालं की झटकायचं, धुवायचं, पुन्हा घालायचं. आत्याने त्याचा एकदा वास घेतला आणि बाह्या सरसावल्या.

पहिल्याच दिवशी तिने सगळं धुवायला काढलं. अंथरुणाचे होते नव्हते तेवढे जोड, गिनीपिगांचं कापडी घर, पोरीचे कपडे, आजोळहून आलेली तिची जुनी दुलईसुद्धा. आणि पाहुण्यांच्या मानाखातर कंडिशनर जरा सढळ हातानेच घातला.

धुणं सोपं होतं. वाळणार कुठे? बाहेर पाऊस, खिडकीच्या काचांवर आतून पाणी, भिंती गार. पण आत्या काय हार मानते? स्वयंपाकघरात स्टँड आलं, दोन दोऱ्या आल्या, पंखा सुरू झाला. दमट हवा जावी म्हणून एक खिडकी बोटभर उघडी. एक तुकडा दुसऱ्याला चिकटता कामा नये, अशी सक्त ताकीद. खालचे मास्तर वर्तमानपत्र परत द्यायला आले ते चादरींत अडकले.

"आहात का घरात?"

"इथेच आहे, डावीकडून या. आणि ती मुनीमाची चादर आहे, तिला तोंड पुसू नका."

मास्तरांनी वर्तमानपत्र तिथेच ठेवलं आणि आल्या वाटेने परत गेले.

जाड कापड काही केल्या वाळेना. मग आत्याने लॉन्ड्रीतली जुनी युक्ती काढली. ओला तुकडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हींची गुंडाळी करायची आणि तिच्यावर चढून पायांनी दाबत चालायचं. दोन गुंडाळ्यांत गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा तिने भाचीला चढवलं. तोल जाऊ नये म्हणून पोरीने आत्याच्या शालीचं टोक घट्ट धरलं आणि गुंडाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. हसली नाही, पण शालही सोडली नाही. आत्याला तेवढ्यानेही बरं वाटलं.

आणि तरीही पिंजरा ओलाच. आता बोला! खडखडीत वाळलेलं अंथरूण घालावं, आणि थोड्या वेळाने बघावं तर गिनीपिगांची पोटं भिजलेली. आत्या पुन्हा काढायची, पुन्हा धुवायची, आपलं वाळवणंच कुठेतरी कमी पडतंय म्हणून आणखी एक पंखा लावायची. शेठ चिडचिडा झाला. मुनीमाने खाणं सोडलं आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला.

त्या संध्याकाळी भाची बापाशी फोनवर बोलत होती. आत्या चादरींच्या पलीकडे होती, पोरीला दिसत नव्हती.

"बाबा, इथे सगळ्याला हॉटेलचा वास येतो. मुनीमला नाही आवडत." मग बराच वेळ बाप बोलत होता. शेवटी पोर म्हणाली, "हो. चालेल वसतिगृह."

आत्या हातातला चिमटा धरून तशीच उभी राहिली. एवढं करूनही पोर जाणार, आणि का, ते तिला कळतच नव्हतं.

सकाळी दोघी मुनीमाला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी त्याला तपासलं, औषध दिलं, आणि टोपलीतलं फ्लीस उचलून नाकाशी नेलं. मग पेल्यातलं थोडं पाणी त्यावर ओतलं. पाणी आत गेलंच नाही. वर थेंब होऊन इकडून तिकडे फिरत राहिलं.

"कंडिशनर घालता?"

"भरपूर," आत्या म्हणाली, जरा ताठ्यानेच.

"त्याचा थर बसलाय. म्हणून मुताचं पाणी खाली उतरत नाही, वरच राहतं. गरम पाण्यात नुसतंच चार वेळा धुवा, निघेल. आणि सगळं एकदम नका धुऊ. यांना आपलं घर वासावरून कळतं. एक तुकडा न धुतलेला ठेवत जा."

परत येताना जिन्यात भाची हळूच म्हणाली, "माझी दुलई पण." तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

आत्या पायरीवरच बसली. "आजीचा वास होता ना गं तिला?"

पोरीने मान हलवली.

"गेला तो. माझ्या हातून गेला, आणि तो मला परत आणता येणार नाही," आत्या म्हणाली. "मला वाटलं होतं, तुझ्यासाठी चांगलं करतेय." तिचे डोळे भरून आले आणि तिने ते शालीला पुसले. पोर तिच्या शेजारी बसली. टोपली दोघींच्या मध्ये होती.

घरी येऊन आत्याने अंथरुणं नुसत्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा काढली. न धुतलेला तुकडा मात्र आणायचा कुठून? तेव्हा भाचीलाच आठवलं. अंथरुणं ज्या कापडी पिशवीतून आली होती, ती आत्याने फेकायला म्हणून दाराआड टाकली होती. पिशवी पिंजऱ्यात गेली. मुनीमाने आधी नाक घातलं, मग डोकं, मग सगळाच आत शिरला. दुसऱ्या दिवशी पिशवीतून गवत चावल्याचा बारीक आवाज येऊ लागला. फ्लीस आता हाताला खरखरीत लागत होतं आणि मुनीमाचं पोट कोरडं होतं.

वसतिगृहाचं पुढे कोणी काही बोललं नाही. विचारायची आत्याची छाती होईना.

मग एकदाचा पाऊस थांबला. आत्याने दोऱ्या बाहेर गॅलरीत बांधल्या आणि धुण्याची टोपली घेऊन घरभर फिरली. सगळं सापडलं, शाल सापडेना. इकडे बघ, तिकडे बघ, शेवटी भाचीच्या उशीखाली टोक दिसलं.

"अगं, ही कशाला घेतलीस? नुसता मलमाचा वास मारतोय तिला. आण इकडे, धुऊन टाकते."

पोरीने उशीवर हात ठेवला. "नको. एक तुकडा न धुतलेला ठेवायचा असतो."

आत्या टोपली घेऊन बाहेर गेली. तिथे उभी राहून तिने भावाला फोन लावला आणि म्हणाली, "वसतिगृहाचं राहू दे रे. पोर रमली."