आबांनी नवरीला जीपमधून उतरवलं

माझ्या आजोबांनी सख्ख्या बहिणीला तिच्या लग्नाच्या दिवशी भर रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं.

आबा आज सकाळी गेले. दुपारी गावीच सगळं उरकलं.

फोन येतायत, आणि बोलताना प्रत्येक जण याच गोष्टीवर येतोय. प्रत्येकाची वेगळी. म्हणून एकदा नीट लिहिते.

गोष्ट साठच्या दशकातली. तेव्हा माझे बाबाही जन्मले नव्हते. मी आबांकडून ऐकली, सोनाआजीकडून ऐकली, म्हणजे त्याच बहिणीकडून, आणि गावातही ऐकली. तिन्हीकडे जेवढं जुळतं तेवढंच इथे आहे.

आबांकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती. पौडपासून वर ताम्हिणीकडे भाड्याने माणसं न्यायचे. रस्ता कच्चा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला धरणाचं पाणी.

इंजिनचं त्यांना फार वाटायचं नाही. "बंद पडली तर ढकलता येती. वळलीच न्हाई तर काय करशील?"

म्हणून सगळा जीव स्टेअरिंगवर. रोज गाडीखाली आडवं होऊन एकेक जॉइंट हाताने हलवून बघायचा. ग्रीस सुकलेलं दिसलं की आधी ते. टायर एकाच कडेने झिजला की भाडं रद्द.

आणि प्ले. स्टेअरिंग फिरतं पण चाकं अजून हलत नाहीत, ती मधली मोकळीक. आबा त्याला 'खेळ' म्हणायचे.

शाळेत जायच्या आधी मला मापं त्यांनीच शिकवली. "दोन बोटं खेळ चालतो. तीन झाला की गाडी उभी करायची. चार झाला तर तू गाढव. तिनावर का न्हाई थांबलीस?"

तर लग्न.

ताम्हिणीला, मुलाच्या दारी. मुहूर्त दुपारचा. आबांनी सकाळी गाडी तपासली आणि अंघोळीला गेले. तेवढ्यात त्यांच्या मामांनी ती सजवली.

मामा जन्मभर बैलगाडीवाले. त्यांनी केळीचे दोन खुंट पुढे उभे केले. वरून बंपरला बांधले, आणि खाली एक आडवी लोखंडी दांडी दिसली तिला काथ्याने करकचून आवळले. दांडी दिसली की बांधायची, एवढं साधं.

जीपची ती दांडी म्हणजे टाय रॉड. स्टेअरिंग फिरवलं की ती सरकते आणि चाकं वळतात.

सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. धरणाच्या कडेचं पहिलं मोठं वळण आलं आणि स्टेअरिंग निम्म्यात अडलं. आबांनी होता नव्हता तो जोर लावला, ब्रेक दाबला. जीप पाण्याच्या बाजूला, अगदी कडेशी थांबली.

आबा उतरले, वाकून बघितलं. कोयत्याने काथ्या कापला. केळी आडव्या पडल्या.

लग्नाची केळ आडवी पडलेली बघून त्यांच्या आईने तोंडावर पदर घेतला.

मामा म्हणाले, "झालं न्हवं मोकळं? चल आता."

आबांनी स्टेअरिंग हलवून बघितलं. खेळ चार बोटं.

"गाडी जाणार न्हाई."

"अरं, सकाळी तूच म्हणालास ठीक हाय!"

"सकाळी व्हती. आता वढ बसून आत कायतरी ढिलं झालंय."

"मग हळू चालव की."

"हळू पडलं तरी पाण्यातच पडायचं, मामा."

"भ्यालास म्हण की सरळ. नवरीपरास तूच जास्त थरथरतुयास!"

"व्हय, भ्यालो. सोने, उतर खाली."

सोनाआजी मुंडावळ्या बांधून बसलेली. म्हणाली, "दादा, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. उतर."

सगळं वऱ्हाड पायी गेलं. मुहूर्त चुकला. लग्न संध्याकाळी गोरजावर लागलं, आणि सासरी तिचं नाव पडलं 'पायी आलेली'. घरात काही बिनसलं की सासू तेच काढायची.

पुढे पुण्याहून मिस्त्री आला. त्या दांडीच्या टोकाचा बॉल जॉइंट खोलला, तो ढिला निघाला. आबांनी विचारलं, "तशीच नेली असती तर?"

मिस्त्री म्हणाला, "निसटला असता बी, नसता बी."

बस. आबा बरोबर होते हे कधीच सिद्ध झालं नाही. काही झालंच नाही, मग सिद्ध कसं होणार?

लहानपणी मला याचा फार त्रास व्हायचा. मी विचारायचे, "मग आबा, तुम्हाला कळलं कसं?"

"कळलं न्हाईच. म्हणून तर थांबलो."

सोनाआजीने राग सोडला नाही. भाऊबीजेला यायची, ओवाळायची, पण त्या दिवसाचा विषय काढायची नाही.

मात्र तिच्या मुलाने, म्हणजे काकांनी, बावधनला फ्लॅट घेतला, नवी कोरी कार घेतली, तर ही बसेना. "दादाला दावून आण, मग बसते."

शोरूममधून निघालेली गाडी आधी आमच्या अंगणात. काका वैतागलेले. "आबा, पॉवर स्टेअरिंग आहे हो, कॉम्प्युटरवर चेक करतात." आबांनी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आवाज ऐकला, खाली वाकून बघितलं. मग म्हणाले, "बसव तिला."

त्यानंतरच्या प्रत्येक गाडीचं हेच.

गेल्या महिन्यात ती आबांना बघायला आली होती. मी तिथेच होते. आबांना बोलवत नव्हतं, तरी म्हणाले, "सोने, त्या दिशी उतरवलं तुला. राग हाय का अजून?"

"हाय की." ती पेज भरवत होती, थांबली नाही. "मुहूर्त गेला माझा. जलमभर ऐकून घेतलं."

आबांनी तोंड मिटून घेतलं.

"पर त्या गाडीत आई व्हती, मामा व्हता, पोरी व्हत्या. समदी म्हातारी होऊन आपापल्या घरात मेली. उघड तोंड."

आबांनी तोंड उघडलं.

आबा, सावकाश जा.