असरपर्यंत

अकोल्यातल्या पिंजाऱ्यांच्या मोहल्ल्यात गयासुद्दीन राहायचा. अंगानं आडदांड, बोलायला अगदी कमी. बार्शीटाकळीहून बापाबरोबर आला तेव्हापासून पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचं, लोकांच्या ओसरीत बसून कापूस पिंजायचा आणि गाद्या-रजया भरून द्यायच्या, हाच त्याचा धंदा. मग कुठे तरी साता समुद्रापलीकडे लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की लोक जुन्या गाद्या उसवून आतला कापूस बाजारात नेऊ लागले. नवी रजई कोण भरणार? गयासचं पिंजण खुंटीला लागलं आणि तो कापसाच्या वखारीत कामाला गेला.

तिथे तरटाचं उंच पोतं टांगायचं, माणसानं आत उतरून कापूस पायांनी तुडवायचा, पोतं दाबून भरलं की दाभणानं तोंड शिवायचं, की एक गाठ, म्हणजे कापसाचा गठ्ठा, तयार. अमरावतीकडून कापसाच्या बैलगाड्यांची रीघ लागलेली. उजाडताना गेलेला गयास दिवेलागण होऊन गेल्यावर घरी यायचा, कधी त्याहून उशिरा.

घरी त्याची बायको खुर्शीदबी एकटी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हसण्यावरून अख्ख्या मोहल्ल्याला कळायचं की गयासच्या घरी कोणी आलंय. पहिलं मूल मेलेलंच जन्माला आलं आणि त्या बाळंतपणातून ती काही सावरली नाही. पायांवर सूज, चूल ते दार एवढं चाललं तरी धाप. हकिमानं पुड्या दिल्या आणि जपायला सांगितलं.

एका संध्याकाळी गयास आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. भांड्यातलं पाणी सकाळी ठेवलं होतं तेवढंच.

"पानी नाई पेली?"

"तुमी येतीन, मंग पिऊ म्हटलं," ती म्हणाली. "दिवसभर दाराकडे कान लावून असते मी. कोनाचंबी पायतान वाजलं का वाटते, तुमीच आले. दुखन्यानं नाई थकत मी तेवढी, त्यानं थकते."

"मंग काय करू? काम सोडू?"

"काम नोका सोडू. मले एक वेळ द्या. थोडीच द्या, पन रोज तीच द्या. असरची बांग झाली का तुमी घरी. मंग मी दिवसभर वाट नाई पायनार. असरचीच पायीन."

असरची बांग म्हणजे ऊन कलल्यावरची, सावल्या लांबायला लागतात तेव्हाची. वखारीत तेव्हा कुठे कामाला जोर चढायचा.  दुसऱ्या दिवशी गयास कामावर गेला तो आपला दिवस जातो कुठे, हे बघायला.

बघतो तर काय, निम्मी सकाळ नुसती उभं राहण्यात जात होती. सुतळी संपली, आण. दाभण सापडत नाही, शोध. पोत्यात उतरल्यावर आठवायचं की तरटाचा तुकडा बाहेरच राहिला. त्यात चिलीम फिरायची, आणि चिलमीबरोबर गप्पा. गयास पहाटेची, फजरची नमाज झाली की लगेच वखारीत यायला लागला. गाड्या यायच्या आत सुतळी कापून ठेवायची, दाभणं ओवून भिंतीत खोचायची, तरटं फाडून एकावर एक रचायची. नत्थुजी नावाचा जोडीदार त्यानं धरला. एकानं तुडवायचं, तोवर दुसऱ्यानं आधीची गाठ शिवायची; पाय भरून आले की अदलाबदल. चिलीम फक्त दुपारी.

मुकादम रामरावांना हे पटेना.

"असरले जातो म्हनते तू. अन् गाड्या उभ्या राह्यल्या त?"

"माह्या वाटच्या गाठी त्याच्या आंधी होतीन, रामरावजी. ज्या दिवशी नाई झाल्या, त्या दिवशी नाई जानार."

असा दिवस आला नाही. रामराव थोडे दिवस बघत राहिले, मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं. नत्थुजीही ऊन असतानाच घरी जाऊ लागला.

घरचंही गयासनं तसंच बसवलं. निघण्याआधी पाणी भरून तिच्या हाताशी ठेवायचं, पुडी भांड्याखाली ठेवायची, अंगण झाडायचं. आणि असरनंतर सूर्य मावळतानाच्या मगरीबपर्यंतचा वेळ तिचा. तिची खाट उचलून तो अंगणातल्या कडुलिंबाखाली ठेवायचा. कापसाच्या कामानं राठ झालेल्या हातांनी तिचे केस विंचरायचा. आधी ती ओरडायची, मग हसायची. मोहल्ल्यात कोण भांडलं, कुणाच्या शेळीनं कुणाचं काय खाल्लं, ती सांगायची. पुढे पुढे तोही सांगू लागला. पोत्याच्या आत कसा अंधार असतो, कापूस नाकात गेला की कसं गुदमरतं, आणि वरून नत्थुजी कसा गाणी म्हणतो, अगदी बेसूर.

"इतकी वर्सं झाली लग्नाले," ती एकदा म्हणाली, "तुमाले बोलता येते हे मले आत्ता समजलं."

ती बरी होत नव्हती. पण आता पाणी प्यायची, भाकरीचे चार घास खायची. शेजारची म्हातारी बिस्मिल्लाबी दुपारी येऊन बसायची, तिला खुर्शीद सांगायची, "खाला, आता माह्या दिवसाले दार हाये, असरले उघडते."

हिवाळा आला. गाड्या एवढ्या वाढल्या की वखारीबाहेर बैलांना उभं राहायला जागा उरेना. त्या दिवशीही गयासनं आपल्या गाठी वेळेत उरकल्या. रस्त्यात एक बाई बोरं घेऊन बसली होती; खुर्शीदला आंबट बोरं आवडायची म्हणून त्यानं उपरण्याच्या पदरात बांधून घेतली. बांग झाली तेव्हा तो मोहल्ल्याच्या तोंडाशी होता.

दारात बाया उभ्या होत्या. त्याला बघून बाजूला झाल्या. आत खुर्शीदबीवर चादर ओढलेली होती आणि बिस्मिल्लाबी उशाशी बसून रडत होती.

"कवा?" त्यानं विचारलं.

"दुपारची जुहर झाली, त्याच्यानंतर. सकाळपासूनच जीव घाबरून राह्यला होता तिचा."

"सकाळपासून?" गयास तिच्याकडे वळला. "मंग मले काहून नाई बलावलं? वखार काय दूर हाये?"

"मी निंगालीच होती रे बाप्पा! दारापावतर गेली. तिनं हात जोडले. म्हने, त्यायले बलावू नोका, काम आर्धं टाकून येतीन, मंग उद्यापासून मुकादम असरले सोडनार नाई. म्हने, असरले येतेच ना ते. चुकले का एक दिवस तरी? मी राहीन तवापर्यंत." म्हातारीनं पदर तोंडात धरला. "अन् घडीघडी विचारे, खाला, पाहा ना, लिंबाची सावली कुठवर आली."

गयास खाली बसला. उपरण्याची गाठ सुटली आणि बोरं जमिनीवर घरंगळली. ती कुणी उचलली नाहीत.

त्यानंतर तो बिस्मिल्लाबीशी बोलला नाही. तिचा चाळिसावा दिवस झाला तरी नाही. वखारीत आता तो असरला निघत नसे. दिवे लागले, कंदील लागले, तरी पोत्यात तुडवत राही. रामरावांना गाठी जास्त मिळत होत्या. नत्थुजी एकदा म्हणाला, "जाय ना घरी." तर गयास म्हणाला, "कोनापाशी?"

मग लढाई थांबल्याची बातमी आली आणि भाव कोसळला. वखारीचं दार बंद झालं, माणसं घरी बसली. कापूस पुन्हा गरिबाला परवडू लागला, तेव्हा गयासनं खुंटीवरचं पिंजण काढलं. पहिलं काम घेऊन आली ती बिस्मिल्लाबी. नातीच्या लग्नाची रजई होती.

तिच्या अंगणात बसून तो पिंजत राहिला. ती समोर उकिडवी बसली होती. मग म्हणाली, "माह्यावर राग हाये ना तुहा?"

"राग नाई, खाला. तिनं सांगतलं, तुमी ऐकलं." त्याचा हात थांबला. "पन मी आलो असतो ना. नुसतं बलावलं असतं, त पायाचा कापूसबी न झटकता तसाच आलो असतो. तिले समजाले पायजे होतं."

"तिले समजतच होतं रे, म्हनूनच नाई बलावू देलं," म्हातारी म्हणाली.

गयासनं पिंजणाची तार पुन्हा छेडली. कापूस उडून दोघांच्या अंगावर बसत होता. ती रजई त्यानं त्याच दिवशी भरून दिली, चांगली जाड, आणि पिंजण उचलून अमरावतीकडे, भातकुलीच्या बाजूला निघून गेला. त्या मोहल्ल्यात तो पुढे क्वचितच दिसला.