कपाटातला फोन

सकाळच्या दुधाच्या वेळेला हणमंतरावांचा फोन आला की कुठंतरी काहीतरी बंद पडलंय, हे आम्ही धरूनच चालायचो. त्या दिवशीही स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "बोला, कुठलं सेंटर?" पलीकडून त्यांच्या बायकोचा, मंगलवहिनींचा आवाज आला. "ताई, मी हाय. ह्यांनी डोळं मिटलं हो. अंगणात तोंड धुता धुता." मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते आधी "अरे देवा" म्हणाले आणि पाठोपाठ, "मग आज संध्याकाळच्या दुधाचं काय?" मला त्यांचा राग आला नाही, कारण माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं. असे झालो होतो आम्ही!

बारामतीतलं आमचं ऑफिस लहान आहे, पण गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर आमचं सॉफ्टवेअर चालतं. शेतकऱ्यानं कॅन आणला, मशीनवर फॅट लागली, की स्लिप निघते. हे सगळं चालतं ते भाड्याच्या सर्व्हरवर, मुंबईत कुठंतरी. क्लाउड म्हणतात त्याला. तो अडखळला की बावड्यापासून कळंबपर्यंत कॅनच्या रांगा लागतात, दूध नासायला लागतं आणि लोक केंद्रचालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तो अडखळू नये ही जबाबदारी हणमंतरावांची. कागदावर आम्हा सगळ्यांची होती म्हणा, पण फोन मात्र त्यांनाच जायचा. लग्नात अक्षता टाकताना फोन, न्हाव्याच्या खुर्चीत फोन. शेळगावच्या घरी रेंज गच्चीवरच चांगली मिळायची, म्हणून जेवणाचं ताटही वहिनी वर नेऊन द्यायच्या.

आणि आता ते सांगते, ज्यानं गेले काही आठवडे माझं डोकं ठिकाणावर नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना बायपास करून घ्यायला सांगितलं होतं. आम्हाला कुणालाच ठाऊक नाही! दहाव्याच्या दिवशी वहिनींनी सांगितलं. "मी म्हणायची, चला, ॲडमिट व्हा. तर म्हणायचे, मी एक दिवस नसताना हापिस चालू दे, मग लगीच जातो. त्यो दिवस काय उगवलाच न्हाय."

माणूस तसा गमत्या. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. "आमच्या आबांच्या कळपामागं एक कुत्रं कधीच नसायचं," ते सांगायचे. "दोन. एक झोपलं तर दुसरं जागं." तोच हिशोब त्यांनी सर्व्हरला लावला. मुंबईत जे जे होतं त्याची जोडी हैदराबादला उभी केली, आणि एक पडलं तर दुसऱ्यानं आपोआप भार उचलावा अशी रचना केली. एवढ्यावर थांबतील तर ते हणमंतराव कसले! भर दुपारी, दुधाची वेळ नसताना, मुद्दाम मुंबईकडचं बंद करून बघायचे. साहेब ओरडले, "चालती गाडी कशाला बंद पाडताय?" तर शांतपणे म्हणाले, "साहेब, आपण पाडली तर आपण जागं असतो. तिच्या मनानं पडली तर आपण कुठं असू, कुणाला ठाव?" मी एकदा चिडवलं होतं, "सगळ्याची जोडी केलीत, पण तुमची जोडी कुठंय?" त्यावर ते हसले. "मीच की. पुढंबी मी, मागंबी मी."

त्या चिडवण्यावरूनच बहुधा त्यांनी गैरहजेरी सुरू केली. महिन्यातून एकदा कुणीतरी एक माणूस गैरहजर धरायचा. त्याचा फोन ऑफिसच्या लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि काहीही होवो, त्याला विचारायचं नाही. तो नसताना काम कुठं अडतं ते बघायचं आणि ती जागा बुजवायची. माझी गैरहजेरी मजेत पार पडली, मी भिगवण चौकात निवांत साड्या बघत फिरले. पण हणमंतरावांची पाळी आली की आम्ही सगळे तोंडात मारल्यासारखे बसायचो.

आणि हे महाराज तरी घरी जातील? छे! फोन कपाटात टाकायचे, कुलूप लावायचे, घोंगडीच्या काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलेली किल्ली स्वतःच्याच खिशात टाकायचे आणि समोरच्या चहाच्या टपरीवर ऑफिसच्या दाराकडं तोंड करून बसायचे. एकदा कळंबच्या केंद्रचालकाचं लॉगिन होईना. काय करायचं ते आम्हाला येत होतं, लेखी होतं, पाठ होतं. तरी कुणीतरी म्हणालंच, "विचारू का?" आणि खिडकीतून बघते तर हणमंतराव चहा अर्धा टाकून रस्ता ओलांडत होते. "एवढं एकदाच," म्हणत त्यांनी कपाट उघडलं. पुढच्या वेळी इंटरनेट संथ झालं, त्याच्या पुढच्या वेळी नुसती अफवा होती. दर वेळी तेच, "एवढं एकदाच." आम्हीही सोडत नव्हतो आणि त्यांनाही सुटायचं नव्हतं. आत गुदमरत होते आणि दार आतून धरून बसले होते.

अरे माणसा, सांगायचं तरी! एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी स्वतः ती किल्ली नीरा कालव्यात फेकून आले असते... त्यांना जिवंतपणी कधी अरेतुरे केलं नाही. आता रागानं तोंडातून निघतं.

ते गेले त्या दिवशी संध्याकाळचं दूध व्यवस्थित गोळा झालं. दुसऱ्या दिवशीचंही. मग मागच्या महिन्यात, ऐन संध्याकाळी, मुंबईकडचे सर्व्हर खरोखरच बसले. आम्ही धावत स्क्रीनपुढं गेलो. स्क्रीनवर बघतोय तर भार आपसूक हैदराबादला सरकलेला, स्लिपा निघताहेत, रांगा पुढं चालल्यात. तेवढ्यात बावड्याच्या केंद्राचा फोन आला आणि मी घाईघाईनं विचारलं, "काय बंद पडलं?" "ताई, स्लिपचा कागद संपलाय. रोल कधी पाठवताय?" एवढंच. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हमसून रडले. चालत होतं हो सगळं त्यांच्यावाचून. केव्हापासून चालत असेल, देव जाणे.

आता फोन मला येतात. आपसूकच, कुणी ठरवलं नाही. आंघोळीला जाताना मोबाइल दाराशी ठेवते. डॉक्टरांनी बीपीसाठी तपासण्या लिहून दिल्यात, त्या पुढच्या आठवड्यात करीन म्हणते आणि पुढचा आठवडा येतो. घरचे बोलतात, मी "हो हो" करते.

परवा माझ्या गैरहजेरीची पाळी होती. हणमंतरावांच्या सदऱ्यात सापडलेली किल्ली वहिनींनी मागेच आणून दिली होती, तोच काळा दोरा, तसाच मळलेला. मी ठरवलं, त्यांची चूक आपण करायची नाही. फोन कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि स्कूटर काढून थेट शेळगावला गेले. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांच्या हातात किल्ली ठेवून म्हटलं, "उद्यापर्यंत तुमच्याकडंच राहू द्या. मी मागितली तरी देऊ नका."

वहिनींनी किल्ली घेतली, पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली आणि हात पुन्हा पुढं केला.

"आणि दुसरी?"

"दुसरी कसली, वहिनी?"

"ताई, संसार केलाय मी त्यांच्यासंगं. घरात बॅटऱ्या दोन, शेगड्या दोन, विहिरीवर मोटारी दोन. तुमी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. आणा हिकडं."

मला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. एसटी स्टँडजवळच्या किल्लीवाल्याकडून आठवड्यापूर्वीच करून घेतली होती मी. नवी, चकचकीत, बिनदोऱ्याची. पर्सची चेन उघडून ती मुठीत धरली आणि मूठ काही केल्या उघडेना. वहिनींना घाई नव्हती. हात पुढं करून त्या तशाच बसून राहिल्या.