बसवणारे आप्पा

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या सिद्रामप्पांच्या चादरींच्या दुकानात उभ्यानं बोलायची सोय नव्हती. गिऱ्हाईक असो, दलाल असो, नाहीतर नुसता पत्ता विचारायला थांबलेला परका माणूस असो, आप्पा गादीवरून हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "बर्री, कूड्री." घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारं हे लिंगायत घराणं, 'बर्री, कूड्री' म्हणजे या, बसा. समोरचा बसल्याशिवाय त्याचा एक शब्द ऐकून घ्यायचे नाहीत. माझं घड्याळांचं दुकान त्यांच्या शेजारीच. एकदा माझ्याकडे वायर जळाली म्हणून मी धावत त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "आदी बसा की राजाभाऊ. बसलं की निम्मी काळजी भुईला जातीय." माझ्या दुकानातून धूर येत होता आणि मी बसलो. वर पाणीसुद्धा प्यालो.

आप्पांची खरी ओळख मात्र दुकानाबाहेरची होती. लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, त्याच्या गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. सांगायला हे सोपं आहे. पण देह ताठ व्हायच्या आत बसवावा लागतो, मान सावरावी लागते, आणि तेही रडारड चाललेल्या घरात. विधी मठाचे स्वामी करायचे, पण बसवायला बोलावणं आप्पांना यायचं. पैसा नाही, मानपान नाही. ताटावरून उठून जायचे.

मी एकदाच पाहिलं. आमच्या गल्लीतला एक आडदांड भुसारी वारला होता आणि त्याची मुलं त्याच्या अंगाला हात लावायला धजत नव्हती. आप्पा त्याच्या मागे बसले, त्याच्या पाठीला आपली छाती लावली, हनुवटीखाली हात दिला आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "कूड्री मामा. लई हिंडलासा. आता टेका." आणि तो अगडबंब माणूस बसला. परत येताना मी विचारलं, "मेलेल्याशी काय बोलता हो?" आप्पा म्हणाले, "जल्मभर बसा बसा म्हनायचं आन् ऐन येळेला गप ऱ्हायाचं व्हय?"

त्यांचा एकुलता मुलगा विरेश इंजिनिअर होऊन थेट पेरू देशात गेला, खाणींच्या यंत्रांच्या एका कंपनीत. आप्पांना पेरू म्हणजे खायचा तेवढाच ठाऊक. पोरानं एकदा रजेत कुस्को नावाच्या जुन्या शहरातून व्हिडिओ पाठवला. मागे अजस्र दगडांची भिंत, आणि हा ओरडतोय, "आप्पा, बघा! चुना न्हाई, माती न्हाई, नुसते दगडावर दगड बसवल्यात! तुमाला हितं आननार म्हंजे आननार." तो व्हिडिओ आप्पांनी सगळ्या बाजाराला दाखवला. अर्थात आधी बसवून.

मग कोरोना आला. विरेश तिकडच्याच एका इस्पितळात वारला. त्या दिवसांतल्या तिथल्या नियमानं देह कुणाला मिळाला नाही, दहन झालं. विमानं सुरू झाल्यावर घरी आली ती एक छोटी लाकडी पेटी. कुंभारीला त्यांचं शेत आहे, सगळे पूर्वज तिथंच बसलेले. स्वामी म्हणाले, पेटी लिंगासकट तिथं ठेवू, देवाला सगळं पोचतं. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. "राख कशी बसवायची, स्वामी? तिला मांडी न्हाई, पाठ न्हाई. मी हात कुटं देऊ?" पेटी दुकानात आली आणि गादीवर आप्पांच्या उजव्या हाताशी राहिली. दुसऱ्यांच्या घरी ते बसवायला जात राहिले, पण आल्यावर तासन्‌तास पेटीकडे बघत राहायचे. साऱ्या सोलापूरला बसवणाऱ्या माणसाला स्वतःचं पोर बसवता आलं नव्हतं, आणि ते दुःख कुणाच्या बापाला उपसता येणार नव्हतं.

मला प्रवासाचं वेड आहे. मी नेहमी जातो त्या सहल कंपनीच्या यादीत पेरू आल्याचं कळलं तेव्हा श्रीशैलच्या पुढे कधी न गेलेले आप्पा माझ्या दुकानात आले आणि चक्क उभ्यानं म्हणाले, "मलाबी न्ह्या." शांताक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी त्यांच्यासाठी बांधून ठेवलीच होती.

कुस्कोच्या आसपासच्या इंका लोकांच्या अवशेषांची सहल अर्ध्या दिवसाची होती. शहर इतक्या उंचावर की चार पावलांत दम लागतो. आमच्यातली मंडळी कोकाच्या पानांचा चहा पिऊन फोटोंसाठी धडपडत होती. आप्पा साक्सायवामान नावाच्या जुन्या गढीत व्हिडिओतल्या त्या भिंतीपाशी गेले, विरेश उभा होता ती जागा हुडकली आणि दोन दगडांच्या सांध्यात नख घालून बघितलं. नख गेलं नाही. "खरं बोललं की वो पोरगं," एवढंच म्हणाले.

पुढचं ठिकाण केन्को. एका मोठ्या खडकाच्या पोटात वाकून जायची अरुंद वाट, आत गारठा आणि दगडात कोरलेला ओटा. एडगार नावाचा आमचा गाइड इंग्रजीत सांगत होता, मी आप्पांसाठी मराठी करत होतो. इथं बहुधा मेलेल्यांचे देह टिकून राहावेत म्हणून तयार करत. इंकांचे राजे मेल्यावर त्यांना आडवं ठेवत नसत, बसवत. चांगले कपडे घालून सणाला बाहेर आणत, पंक्तीत बसवत, पुढे मक्याची दारू ठेवत. आप्पांनी माझा दंड पकडला.

"बसवायचे? परत इचारा."

एडगारनं तिथंच बसून, गुडघे छातीशी घेऊन दाखवलं. आप्पांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. इतक्या वर्षांत तो तसा दिसला नव्हता. "मग ही आपलीच मान्सं की, राजाभाऊ! माजं लेकरू परक्या मुलखात न्हाई गेलं. कुटं हायती ती बसलेली? मला एकदा बघू द्या."

मी विचारलं. एडगारनं मान हलवली. स्पॅनिश लोक आले, त्यांनी काहींना जाळलं, काहींना दूर नेऊन पुरलं; आता त्यांतलं कुणीच सापडत नाही. हे आप्पांना कसं सांगावं म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात आमच्यातले एक सर्वज्ञ गृहस्थ मागून ओरडले, "जाळून टाकली हो सगळी!"

आप्पा त्या थंडगार दगडावर खाली बसले. मांडी घातली, डावा तळहात उघडा ठेवला. टूर मॅनेजर शिट्टी फुंकत आला, "काका, चला, पुढचं राहील!" ती शिट्टी त्याच्या घशात कोंबावी असं मला वाटलं.

"ह्यांचीबी राखच केली म्हना की," आप्पा म्हणाले. मग उघडा तळहात मिटून म्हणाले, "राजाभाऊ, मला बसवू नका. आडवा न्या आन् जाळा. पोरगं राख होऊन पडलंय आन् बाप मांडी घालून बसतोय, कसं दिसंल ते?"

त्यानंतरच्या ठिकाणी ते बसमधून उतरले नाहीत.

सोलापुरात आल्यावर बोलावणी येत राहिली, आप्पा गेले नाहीत. "हातातलं गेलं," म्हणायचे. दुकानात गिऱ्हाइकं उभी राहू लागली. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, गादीवरच, पेटीशेजारी ते आडवे झाले आणि उठले नाहीत.

मी त्यांची इच्छा सगळ्यांसमोर बोलून दाखवली. स्वामी म्हणाले, दुःखात माणूस काहीही बोलतो. भावकी माझ्यावर डोळे वटारून उभी. शेवटी शांताक्काच म्हणाल्या, "सगळ्या गल्लीला त्यांनी बसवलं, भाऊजी. त्यांना आडवं न्हेऊ? माज्यानं न्हाई व्हायचं."

आप्पांना बसवलं. बसवणारे दोघे त्यांचंच बघून शिकलेले, पण तो हात त्यांना नव्हता. मान राहून राहून उजवीकडे कलत होती. शेवटी फडक्यानं बांधली. त्यांच्या कानाशी कुणी काही बोललं नाही. मी पुढे झालो, नुसतं फडकं सारखं केलं आणि मागे सरलो. तसेच त्यांना कुंभारीच्या शेतात ठेवून आम्ही परत आलो.

चार दिवसांनी दुकानात गेलो. शांताक्का एकट्याच होत्या. गादी रिकामी, पेटी तिथंच.

"ह्यांना तरी बसवलं, भाऊजी," त्या पेटीवरून हात फिरवत म्हणाल्या. "ह्याला आता कोन बसवनार?"

मी उभाच राहिलो. मग मी उभा असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या घराच्या सवयीनं त्या म्हणाल्या, "उबे का? कूड्री."

मी बसलो. खूप वेळ बसलो. भुईला काही गेलं नाही.